भाकरी थापतात, पोळी लाटतात : संशोधनाच्या इंग्रजीतल्या शब्दजोड्या



पेट पास झालेले आणि आता सिनॉप्सिस लिहायला बसलेले बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात. "माझं ग्रामर बरं आहे, शब्दही येतात, तरी गाइड म्हणतात इंग्लिश सुधारा. म्हणजे नेमकं काय सुधारू?" प्रश्न अगदी बरोबर आहे. ‘इंग्लिश सुधारा’ हा शेरा डॉक्टरने ‘तब्येत सुधारा’ म्हणण्यासारखा आहे. कुठे दुखतंय ते त्यात कळतच नाही.

माझा अनुभव असा की, आपल्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्यांचं बहुतेक वेळा व्याकरण चुकत नाही, तर शब्दांच्या जोड्या चुकतात. आज या जोड्यांबद्दल बोलू. त्या काय असतात, भाषाशास्त्रज्ञ त्या मोजतात कशा, आणि मुख्य म्हणजे त्या चुकल्या की आपल्या संशोधनाचं काय होतं.

माझ्या सिनॉप्सिसमधलं एक वाक्य

माझा विषय गिरणगावातल्या कुटुंबांच्या आठवणी. मी लालबागचीच, त्यामुळे विषय घरातलाच होता. पहिल्या मसुद्यात मी 1982 च्या गिरणी संपाबद्दल एक वाक्य लिहिलं होतं : ‘द स्ट्राइक वॉज कॉल्ड ऑफ.’ मला ‘संप संपला’ असं म्हणायचं होतं. ‘स्ट्राइक’ बरोबर ‘कॉल्ड ऑफ’ पेपरात वाचलेलं होतं, म्हणून ते टाकलं.

एका रात्री आजोबांनी विचारलं, "काय लिहिलंयस ते वाचून दाखव की." ते विणाई खात्यात होते. मी वाक्य वाचलं आणि मराठीत सांगितलं, "म्हणजे संप मागे घेण्यात आला." आजोबा म्हणाले, "कुणी घेतला मागे? कधी घेतला? तारीख सांग." माझ्याकडे तारीख नव्हती. असणार कशी? डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. काही कामगार हळूहळू कामावर परतले, अनेकांना परत घेतलंच नाही, काही गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत. संप विरत गेला.

आता इंग्रजीत ‘स्ट्राइक’ कोणकोणत्या क्रियापदांबरोबर येतो ते बघा :

- ‘गो ऑन स्ट्राइक’ : संपावर जाणे. कर्ता कामगार.
- ‘कॉल अ स्ट्राइक’ : संप पुकारणे. कर्ता युनियन किंवा नेता.
- ‘कॉल ऑफ अ स्ट्राइक’ : ज्यांनी पुकारला त्यांनीच जाहीरपणे मागे घेणे.
- ‘ब्रेक अ स्ट्राइक’ : संप फोडणे. कर्ता मालक, सरकार किंवा संपकाळात कामावर जाणारे.
- ‘द स्ट्राइक कोलॅप्स्ड’ किंवा ‘पीटर्ड आउट’ : संप कोसळला किंवा विरत गेला. इथे कुणी मागे घेतलेला नाही.

पाचही जोड्या व्याकरणाने बरोबर आहेत. पण प्रत्येक जोडी इतिहासाबद्दल वेगळी गोष्ट सांगते. माझ्या वाक्यात ग्रामरची एकही चूक नव्हती, आणि तरी ते वाक्य खोटं होतं. मुलाखत द्यायला बसलेल्या एखाद्या कामगाराने ते वाचलं असतं तर मुलाखत तिथेच थांबली असती.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे : संशोधनात शब्दजोडी हा नुसता दागिना नाही. जोडी बदलली की दावा बदलतो.

ही भानगड आहे तरी काय?

जे शब्द नेहमी एकमेकांच्या सोबतीने येतात, त्यांच्या जोडीला इंग्रजीत ‘कोलोकेशन’ म्हणतात. घाबरू नका, मराठीत आपण हे रोज करतो. भाकरी थापतात, पोळी लाटतात. कुणी ‘आज मी चार भाकऱ्या लाटल्या’ म्हटलं तर वाक्य कळतं, व्याकरणही ठीक असतं, पण आपण लगेच ओळखतो की या माणसाने भाकरी कधी केलेली नाही.

लालबागच्या मसाला गल्लीत जा. तिथे मिरची कुटतात. गहू मात्र दळतात, खोबरं किसतात आणि वाटण वाटतात. सगळ्याचा अर्थ साधारण ‘बारीक करणे’ असाच, पण क्रियापद ठरलेलं. गणपतीत बघा. मूर्ती बसवतात, नवस बोलतात आणि नवस फेडतात. कर्जही फेडतात. पण ‘नवस परत केला’ असं कोणी म्हणत नाही. आणि ‘खाणे’ घ्या : मार खातात, भाव खातात, पैसे खातात, डोकं खातात. यातलं काहीच ताटात वाढलेलं नसतं.

हे नियम आपल्याला कुठल्या पुस्तकाने शिकवले नाहीत. हजारदा ऐकून ते बसले. इंग्रजीत आपण ते हजारदा ऐकलेले नसतात, एवढाच फरक. म्हणून ‘कडक चहा’ ला ‘स्ट्राँग टी’, ‘मुसळधार पाऊस’ ला ‘हेवी रेन’, आणि ‘जोरदार वारा’ ला ‘स्ट्राँग विंड’ का, याला तर्काचं उत्तर नाही. ‘हेवी टी’ आणि ‘स्ट्राँग रेन’ चुकीचं का? कारण तसं म्हणत नाहीत. इंग्रजी बोलणाऱ्यांकडेही याहून मोठं कारण नाही.

या विषयाच्या इतिहासात दोन नावं लक्षात ठेवा. हॅरल्ड पामर हे जपानमध्ये इंग्रजी शिकवण्याच्या कामात होते. तिथल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी 1933 मध्ये टोकियोतून इंग्रजी शब्दजोड्यांवर एक अहवाल काढला. दुसरे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ. ते लंडनला जाण्याआधी लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्दाचा अर्थ त्याच्या संगतीवरून ओळखावा, हा विचार त्यांनी भाषाशास्त्रात रुजवला. आपल्याकडे माणसाबद्दल म्हणतात ना, संगत बघून माणूस ओळखावा, तसंच.

संगत मोजतात कशी?

‘तसं म्हणत नाहीत’ हे वाक्य संशोधकाला पुरत नाही. तो विचारणार, कशावरून? त्यासाठी कॉर्पस वापरतात. कॉर्पस म्हणजे खऱ्या लिखाणाचा, कधी बोलण्याचाही, ठरवून गोळा केलेला आणि कॉम्प्युटरवर शोधता येणारा साठा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस 10 कोटी शब्दांचा आहे.

मोजणीची कल्पना सोपी आहे. समजा आपल्याकडे 10 लाख शब्दांचा साठा आहे. त्यात ‘स्ट्राँग’ 200 वेळा आणि ‘टी’ 50 वेळा आलाय. (आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत.) सगळे शब्द पत्त्यांसारखे पिसले, तर ‘स्ट्राँग’ च्या लगेच पुढे ‘टी’ योगायोगाने किती वेळा येईल? 200 गुणिले 50 भागिले 10,00,000, म्हणजे 0.01 वेळा. थोडक्यात, जवळजवळ नाहीच. पण प्रत्यक्षात ती जोडी 5 वेळा सापडली, तर ती योगायोगाच्या 500 पट झाली. म्हणजे हे दोन शब्द एकमेकांना ओढतात. या पटीचा लॉगॅरिदम घेतला की जो आकडा मिळतो, त्याला ‘म्युच्युअल इन्फर्मेशन’ म्हणतात. 1990 च्या सुमारास केनेथ चर्च आणि पॅट्रिक हँक्स यांनी शब्दकोशाच्या कामासाठी ही पद्धत पुढे आणली.

एक सावधगिरी : हा आकडा दुर्मीळ शब्दांना झुकतं माप देतो. एखादा शब्द साठ्यात एकदाच आला तर त्याचा शेजारी उगाचच ‘पक्का सोबती’ दिसतो. म्हणून संशोधक सोबत किमान वारंवारतेची अटही ठेवतात. पद्धत कुठलीही असो, तिचा कमकुवतपणा माहीत असलाच पाहिजे. व्हायवात हेच विचारतात.

मराठीतून घसरून येणाऱ्या जोड्या

आता कामाचं. आपल्या पिढ्यान्‌पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. भाषांतर करून शिकणं वाईट नाही. पण क्रियापद जसंच्या तसं उचललं की घसरायला होतं. मी स्वतः केलेल्या आणि मित्रांच्या मसुद्यात पाहिलेल्या या काही :

- परीक्षा दिली. आपण लिहितो ‘गेव्ह द एक्झाम’. ब्रिटिश किंवा अमेरिकन वाचकाला वाटेल तुम्हीच परीक्षक होता. विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो किंवा ‘सिट’ करतो.
- मुलाखती घेतल्या. ‘टूक इंटरव्ह्यूज ऑफ वर्कर्स’ नको. ‘कंडक्टेड इंटरव्ह्यूज विथ वर्कर्स’ किंवा सरळ ‘इंटरव्ह्यूड वर्कर्स’.
- संशोधन केलं. ‘मेड अ रिसर्च’ नको. ‘डिड रिसर्च’ चालतं, ‘कंडक्टेड’ किंवा ‘कॅरीड आउट रिसर्च’ जास्त औपचारिक. शिवाय ‘रिसर्च’ सहसा मोजत नाहीत. मोजायचं असेल तर ‘अ स्टडी’, ‘थ्री स्टडीज’.
- निर्णय घेतला. ‘मेड अ डिसिजन’. ‘टूक अ डिसिजन’ ब्रिटिश इंग्रजीत आहे, पण ‘मेड’ सगळीकडे चालतं.
- निष्कर्ष काढला. ‘ड्रू अ कन्क्लूजन’. लक्षात ठेवायला सोपं, चित्रही काढतात आणि निष्कर्षही काढतात. ‘रीच्ड अ कन्क्लूजन’ ही बरोबर.
- भूमिका बजावली. ‘प्लेड अ रोल’. आणि रोल कशात? ‘इन’.
- प्रकाश टाकला. ‘थ्रो लाइट ऑन’ चूक नाही, पण आजच्या शोधनिबंधांत ‘शेड लाइट ऑन’ जास्त दिसतं.
- भक्कम पुरावा. ‘स्ट्राँग एव्हिडन्स’. आणि ‘एव्हिडन्सेस’ लिहू नका, अनेकवचन नको.

दुसरा गट चिकटणाऱ्या छोट्या शब्दांचा. ‘च्याबद्दल चर्चा’ म्हणून आपण ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. क्रियापद असेल तर नुसतं ‘डिस्कस’, नाम असेल तर मात्र ‘डिस्कशन अबाउट’ किंवा ‘ऑफ’. तसंच ‘एम्फसाइझ’ ला ‘ऑन’ नको, ‘एम्फसिस’ ला हवं. ‘कोप अप विथ’ मधलं ‘अप’ काढून टाका. ‘कम्प्राइझेस ऑफ’ ऐवजी ‘कम्प्राइझेस’ किंवा ‘कन्सिस्ट्स ऑफ’.

जिथे चूक महाग पडते

वरच्या यादीतल्या बहुतेक चुका वाचक पोटात घालतो. पुढच्या तीन मात्र नाही, कारण त्यात भाषेपेक्षा पद्धतीची चूक दिसते.

*‘प्रूव्ह द हायपॉथिसिस’.* शाळेतलं प्रमेय सिद्ध करतात, हायपॉथिसिस तपासतात. तो ‘टेस्ट’ करतात. मग पुरावा त्याला ‘सपोर्ट’ करतो किंवा करत नाही. संख्याशास्त्रात नल हायपॉथिसिस ‘रिजेक्ट’ करतात किंवा ‘फेल टू रिजेक्ट’. तुम्ही उद्दिष्टांतच ‘टू प्रूव्ह’ लिहिलं, तर समितीला वाटतं उत्तर आधीच ठरवून आलाय.

*‘सिग्निफिकंट डिफरन्स’.* आपल्याला ‘बराच फरक’ म्हणायचं असतं. पण आकडेवारी असलेल्या प्रबंधात ही जोडी संख्याशास्त्राने राखून ठेवलेली आहे. वाचक लगेच विचारणार, कुठली टेस्ट केली? पी व्हॅल्यू किती? टेस्ट केली नसेल तर ‘लार्ज’, ‘कन्सिडरेबल’ किंवा ‘मार्क्ड डिफरन्स’ लिहा.

*‘कॉज’.* हा शब्द जरा बेरकी आहे. मराठीत संकट ओढवतं, पण सुख कधी ओढवत नाही. गोंधळ माजतो, शांतता माजत नाही. तसंच ‘कॉज’ च्या शेजारी बहुतेक वेळा प्रॉब्लेम, डॅमेज, पेन, डेथ असली मंडळी सापडतात. मायकेल स्टब्ज यांनी 1995 च्या लेखात हे कॉर्पसमधून दाखवलं. शब्दाला संगतीमुळे लागणाऱ्या या वासाला ‘सिमँटिक प्रोसडी’ म्हणतात. त्यामुळे ‘द स्कॉलरशिप कॉज्ड ॲन इन्क्रीज इन अटेंडन्स’ कानाला खटकतं. आणि दुसरं, जास्त गंभीर : ‘कॉज’ म्हटलं की कार्यकारणभाव सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर. पन्नास जणांच्या सर्व्हेतून ती पेलत नाही. ‘वॉज असोशिएटेड विथ’ म्हणजे ‘सोबत आढळलं’. जेवढं माहीत आहे तेवढंच सांगणारी ती जोडी आहे.

मग आपलं इंग्रजी चुकीचं म्हणायचं का?

हा प्रश्न मलाही टोचतो. ‘गेव्ह द एक्झाम’ भारतात सगळ्यांना कळतं. कोट्यवधी लोक म्हणतात ती चूक कशी?

याचं उत्तर शोधायला मदत करणारं एक मोठं काम आपल्या महाराष्ट्रातच झालंय, आणि अनेकांना ते माहीत नसतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री आणि सहकाऱ्यांनी भारतीय इंग्रजीचा कॉर्पस तयार केला. तो 1986 मध्ये पूर्ण झाला आणि जगभर ‘कोल्हापूर कॉर्पस’ याच नावाने ओळखला जातो. 1978 मध्ये भारतात छापलेल्या मजकुरांतून 500 नमुने, प्रत्येकी सुमारे 2,000 शब्दांचे, म्हणजे सगळे मिळून सुमारे 10 लाख शब्द. अमेरिकेतला ब्राउन कॉर्पस 1961 च्या मजकुरांवर बेतलेला होता. त्याच्याशी तुलना करता यावी म्हणून आराखडा तसाच ठेवला.

आज 10 लाख हा आकडा लहान वाटतो. पण या कामाने एक दृष्टी दिली : भारतीय इंग्रजीकडे चुकांची यादी म्हणून न बघता, लोक खरंच काय लिहितात ते आधी नोंदवा. कॉर्पस न्यायाधीश नाही, साक्षीदार आहे.

म्हणून माझं मत असं. दादरच्या कट्ट्यावर, मेसेजमध्ये, वर्गात ‘गेव्ह द एक्झाम’ खुशाल म्हणा. प्रबंध मात्र नायजेरियातला, ब्राझीलमधला, जपानमधलाही वाचक वाचणार असतो. त्याला अर्थ नेमका पोचावा म्हणून तिथे त्याला ओळखीची जोडी वापरा. ही कमीपणाची गोष्ट नाही. घरी एक बोली आणि व्यासपीठावर दुसरी, हे आपण मराठीतही करतोच की. फक्त कुणी तुमच्या जोड्यांवरून तुमची बुद्धी मोजत असेल, तर तो मोजणारा चुकतोय हे मनाशी पक्कं ठेवा.

वहीची पद्धत

मला उपयोगी पडलेली पद्धत सांगते. खर्च शून्य.

1. नामापासून सुरुवात करा. आपल्या विषयातली वीस नामं काढा : डेटा, सॅम्पल, थिअरी, फाइंडिंग्ज, गॅप, आर्ग्युमेंट वगैरे. नाम आपल्याला सहसा माहीत असतं, अडतं ते क्रियापदाशी.
2. आपल्याच विषयातले दहा चांगले शोधनिबंध घ्या. प्रत्येक नामाच्या आधी आणि नंतर काय आलंय ते वहीत उतरवा. डेटा ‘कलेक्ट’ करतात, ‘ॲनालाइझ’ करतात. गॅप ‘फिल’ किंवा ‘ॲड्रेस’ करतात. आर्ग्युमेंट ‘पुट फॉरवर्ड’ करतात.
3. पूर्ण वाक्य लिहा, नुसती जोडी नको. वाक्यात कर्ता कोण ते कळतं. ‘कॉल ऑफ’ मध्ये मी तिथेच फसले होते.
4. शंका आली तर तपासा. गूगल स्कॉलरवर जोडी अवतरणचिन्हांत टाकून शोधा आणि नुसता आकडा न बघता दोनतीन वाक्यं वाचा. ऑक्सफर्डचा कोलोकेशन्स शब्दकोश ग्रंथालयात मिळाला तर उत्तम. मँचेस्टर विद्यापीठाची ‘ॲकॅडमिक फ्रेजबँक’ ऑनलाइन मोफत बघता येते.
5. थोडं पुढे जायचं असेल तर लॉरेन्स अँथनी यांचं ‘अँटकॉन्क’ हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या. त्यात आपल्या विषयातले लेख टेक्स्ट फाइल करून टाकले की तुमचा स्वतःचा छोटा कॉर्पस तयार होतो. कुठलाही शब्द टाका, त्याची सगळी संगत समोर येते.

रोज तीन जोड्या धरल्या तरी तीन महिन्यांत अडीचशेच्या वर होतात. एका प्रबंधाला तेवढ्या भरपूर झाल्या.

माझं ते वाक्य आता असं आहे : ‘द स्ट्राइक वॉज नेव्हर ऑफिशियली कॉल्ड ऑफ.’ जोडी तीच, फक्त आधी ‘कधीच नाही’ आलं. आजोबांना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "हां, आता बरोबर. पुढचं वाच."

तुम्हीही आज एक करा. आपल्या सिनॉप्सिसमधली पाच क्रियापदं अधोरेखित करा आणि प्रत्येकाला आजोबांचा प्रश्न विचारा : कुणी केलं, आणि खरंच केलं का? उत्तर देता आलं तर जोडी ठेवा. नाही आलं तर बदला.

शुभेच्छा! लिहीत राहा.